सिंगल मास फ्लायव्हील बसवल्यानंतर: पिकअप, खडखड आणि बाकीचं

पाचव्या गिअरला चढावर पाय दाबला की आरपीएमचा काटा वर पळायचा आणि वेग मात्र होता तिथेच. क्लच संपल्याची याहून स्पष्ट खूण नाही, त्यामुळे निदानावर वेळ घालवला नाही. गाडीचं मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की सगळी चर्चा ती गाडी घ्यावी की नाही इकडे वळते. दोन सीट, सहा सिलिंडर, ताकद मागच्या चाकांना, सहा गिअरचा मॅन्युअल आणि कंपनीतूनच आलेलं ड्युअल मास फ्लायव्हील (फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या क्रँकला, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याला, बसवलेली जड चकती, जिच्यावर क्लच प्लेट दाबली जाते), एवढी माहिती पुरे.

क्लचबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मूळ ताकदीची ऑरगॅनिक, म्हणजे नेहमीच्या मऊ घर्षण-अस्तराची, प्लेट आणि तिच्या जोडीची प्रेशर प्लेट घेतली. 'सिरॅमिक टाक, आयुष्यभर बघायला नको' असं सांगणारे भेटतातच. पण इंजिनात काहीही बदल नसताना सिरॅमिक टाकणं म्हणजे ट्रॅफिकमध्ये प्रत्येक वेळी गचके खाण्याची हौस. ती प्लेट एकतर पकडते किंवा सोडते, मधलं काही नाही. गिअरबॉक्स खाली आलाच होता म्हणून रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील हेही बदललं. हे भाग स्वस्त असतात, महाग असते ती मजुरी, आणि तीच मजुरी पुन्हा द्यायची माझी अजिबात तयारी नव्हती.

खरा प्रश्न फ्लायव्हीलचा. जुनं ड्युअल मास हातात घेऊन फिरवलं तर दोन्ही भागांमधली हालचाल मर्यादेपेक्षा खूपच जास्त होती, आणि कडेला दाबलं तर डुगडुगतही होतं. घर्षणाच्या पृष्ठभागावर निळे डाग पडलेले. इंजिन बंद करताना खालून एक 'खडाड' आवाज यायचा, त्याचाही उलगडा झाला. ड्युअल मासमध्ये दोन चकत्यांच्या मध्ये स्प्रिंगा असतात आणि इंजिनाचे धक्के त्या पचवतात. बहुतेक उत्पादक हे फ्लायव्हील ग्राइंड करू देत नाहीत. म्हणजे ते खराब झालं की आख्खं फेकायचं आणि नवं आणायचं, आणि या संपूर्ण कामातला सगळ्यात महागडा भाग तोच. सिंगल मास म्हणजे लोखंडाची एक चकती. ती पुन्हा ग्राइंड होते, तिच्यात झिजायला स्प्रिंगा नाहीत. माझा निर्णय इथेच झाला होता. पिकअप वगैरे कारणं नंतर जोडली.

मग वजन किती, हा पुढचा घोळ. सगळ्यात हलकी ॲल्युमिनियमची, वर स्टीलची बदलता येणारी चकती बसवलेली. त्याहून जड, एकाच स्टीलच्या तुकड्यातून कापलेली. विकणारे फक्त किलो सांगतात. पण वजन मध्याजवळ आहे की कडेला, यावर सगळं अवलंबून असतं, कारण फिरवायला लागणारा जोर अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. मी कागदावर हिशोब मांडला. जडत्व, म्हणजे फिरवण्याला होणारा हा विरोध, ०.०५ किलो-मीटर वर्ग एवढं कमी झालं, पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे) १४ आणि चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर धरली, तर पहिल्या गिअरला गाडी साधारण ९० किलोने हलकी झाल्यासारखी वागते. सहाव्या गिअरला एकूण गुणोत्तर २.९ धरलं तर तोच फायदा जेमतेम ४ किलोचा. ज्यांना हायवेवर ओव्हरटेकला ताकद हवी आहे त्यांनी फ्लायव्हीलवर पैसे घालू नयेत. पेट्रोलमध्येही फरक जाणवत नाही.

मी मधल्या वजनाचं स्टीलचं घेतलं. इथे एक गोष्ट नीट तपासा. ड्युअल मासच्या जोडीला येणाऱ्या क्लच प्लेटच्या मध्यभागी बहुधा स्प्रिंगा नसतात, कारण ते काम फ्लायव्हील करत असतं. सिंगल मास लावायचं तर स्प्रिंगांची प्लेटच लागते. नुसतं फ्लायव्हील विकणारे हे स्वतःहून सांगत नाहीत.

बसवताना वर्कशॉपशी वाजलं ते बोल्टवरून. क्रँकला फ्लायव्हील धरणारे या गाडीचे बोल्ट आधी ठरावीक टॉर्कने आणि मग ठरावीक अंशाने आवळायचे असतात. त्या आवळण्यात ते कायमचे ताणले जातात, म्हणून सर्व्हिस मॅन्युअल नवेच वापरायला सांगतं. मी नवे आणून दिले होते. दुपारी गेलो तर जुने बोल्ट तेलात धुऊन मांडून ठेवलेले. "चांगले आहेत की, कशाला वाया घालवायचे?" माझ्यासारख्या चिकट माणसाला हे ऐकवलं जातंय याचं हसूही आलं. पण हजारो आरपीएमने फिरणारी चकती, आणि ती नेमकी माझ्या पायांच्या पुढ्यात. बोल्टचं पाकीट माझ्यासमोर फोडायला लावलं आणि क्रमाने, समोरासमोरचे बोल्ट आवळून होईपर्यंत तिथून हललो नाही.

पहिले काही आठवडे मजेचे. नव्या प्लेटला पहिले आठशे किलोमीटर जपलं, जोरात गाडी उचलली नाही. तेवढ्यातही फरक कळत होता. ॲक्सिलरेटर सोडला की आरपीएम आधीपेक्षा लवकर खाली येतात, त्यामुळे वरचा गिअर पटकन टाकावा लागतो. रेंगाळलात तर गाडी धक्का देते. खाली गिअर टाकताना ब्रेकवर पाय ठेवून टाचेने हलकी रेस दिली की इंजिन लगेच उसळतं आणि गिअर लोण्यातून जावा तसा बसतो. या एका गोष्टीसाठी मी वळणावळणाचे रस्ते शोधत फिरलो. तेव्हा कोणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हणालो असतो.

मग खडखड सुरू झाली.

सुरू झाली म्हणजे ती पहिल्यापासून होती, पण थंड गाडीत ऐकू येत नव्हती. अर्धा तास ट्रॅफिकमध्ये गेला की न्यूट्रलला, क्लचचं पेडल सोडलेलं असताना, खालून डब्यात नटबोल्ट हलवल्यासारखा आवाज. कारण साधं आहे. इंजिन एकसारख्या गतीने फिरत नाही. सहा सिलिंडरमध्ये एका फेऱ्यात तीन ठिणग्या, म्हणजे तीन धक्के. गिअरबॉक्समधले जे गिअर त्या वेळी कामात नसतात ते शाफ्टवर मोकळे असतात, आणि दातांमधल्या फटीत ते पुढेमागे आपटत राहतात. आधी हे धक्के स्प्रिंगा गिळायच्या. ऑइल तापून पातळ झालं की त्याचाही आधार कमी होतो.

हे सगळं माहीत असूनही तो आवाज माझ्या डोक्यात जाऊन बसला. भिंतीशेजारी गाडी थांबली की काच वर करायचो. तळघरातल्या पार्किंगमध्ये तर लोक वळून बघतात. सिग्नलला एसी बंद करून बघितला, सुरू करून बघितला. शेजारी बसलेला माणूस हमखास विचारतो, "खाली काही सैल झालंय का?" दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये पंक्चर काढायला गेलो तर तिथे गिअरबॉक्स उघडायला लागेल असं ठरवूनच टाकलं. मी पेडल दाबून दाखवलं. आवाज बंद. सोडलं, आवाज सुरू. पेडल दाबल्यावर आवाज आला असता तर रिलीज बेअरिंगवर संशय घेता आला असता. सोडल्यावर येतोय, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग किंवा ही खडखड, आणि थंड गाडीत अजिबात नाही, रेस थोडी वाढवली की गायब, म्हणजे खडखडच. तरी ते उघडण्यावर ठाम. पंक्चरचे पैसे दिले आणि निघालो.

त्या दिवसांत मी हा अनुभव लिहिला असता तर ड्युअल मासच घ्या असं लिहून मोकळा झालो असतो. मत बदललं ते आयडलमुळे, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन ज्या आरपीएमवर फिरतं त्यामुळे. माझं आयडल सातशेच्या आसपास होतं, ते ट्यूनिंग करणाऱ्याकडून आठशेवर नेलं. गाडी तापलेली असतानाही खडखड निम्म्याहून कमी झाली, आणि सिग्नलला थांबताना इंजिन मधूनच गटांगळी खायचं तेही थांबलं. जड फ्लायव्हील धरून आयडलचं गणित बसवलेलं असेल तर हलक्या फ्लायव्हीलवर असा त्रास होऊ शकतो. पोर्शच्या साध्या ९६४ मध्ये (ही ९११ची एक जुनी पिढी) तिच्याच हलक्या, रेसिंगकडे झुकणाऱ्या आरएस आवृत्तीचं हलकं फ्लायव्हील बसवणाऱ्यांची जुनी तक्रार हीच असते, पाय सोडला की इंजिन बंद पडतं. खुद्द पोर्शने ९६४ आरएसच्या हलक्या आवृत्तीला सिंगल मास दिलं आणि आरएस टूरिंगला ड्युअल मास ठेवलं. रोज वापरणाऱ्याला काय हवं असतं ते कारखान्याला कळत होतं.

आता उरला आहे तो चढावरचा रिव्हर्स. उतरत्या रॅम्पवरून मागे गाडी वर घ्यायची असेल तर नुसत्या क्लचवर आता जमत नाही, थोडी रेस द्यावीच लागते, आणि रेस दिली की प्लेट झिजते. माझा पाय सरावला आहे. गाडी चालवायला घेतलेल्या मित्राने मात्र ती गेटमध्येच बंद पाडली आणि किल्ली परत दिली. घरात एकापेक्षा जास्त जण तीच गाडी चालवत असतील तर आधी सगळ्यांना विचारा.

प्लेट अजून घसरत नाही, पेडल पूर्वीइतकंच हलकं आहे, थरथर नाही. पुढचा क्लच येईल तेव्हा हेच फ्लायव्हील उतरवून ग्राइंड करून परत चढवायचं. उत्पादकाने दिलेली किमान जाडी त्याच्याबरोबर आलेल्या कागदावर छापलेली आहे, तो कागद गाडीच्या फाइलला लावून ठेवला आहे.