ट्रॉलरवर डिझेल मीटर बसवला, आणि ॲव्हरेजमध्ये विमान आमच्या पुढे निघालं

आधी निकाल सांगून टाकतो, 5 पैकी 4 स्टार. वस्तू चांगली आहे, पण बसवणारा माणूस नीट बघून घ्या. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही कारण हाच डबा ऑनलाईन तीन वेगवेगळ्या नावांनी मिळतो, स्टिकर फक्त वेगळा. दोन सेन्सर, डिस्प्ले, जीपीएसची वायर नि फिटिंग धरून 45 हजारांच्या आसपास गेले.

आमचा ट्रॉलर गोव्यात मालीम जेटीवर लागतो, साधारण 15 मीटरचा, 120 एचपीचं इंजिन. इतकी वर्षं डिझेलचा हिशोब म्हणजे टाकीत काठी घालून बघायचं नि सीझन संपला की बाबा वहीत बेरीज करून कपाळाला हात लावणार. गाडी घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो ॲव्हरेज किती देते, आणि लाखोंच्या बोटीला कोणी विचारतच नाही!

घेण्याआधी एक गोष्ट समजून घ्या नाहीतर विकणारा सरळ गंडवेल. डिझेल इंजिनात टाकीतून जेवढं तेल जातं तेवढं सगळं जळत नाही, उरलेलं रिटर्न लाईनने परत टाकीत येतं, म्हणून सेन्सर दोन लागतात, एक जाणाऱ्या पाईपवर नि एक येणाऱ्या, आणि दोघांची वजाबाकी म्हणजे जळलेलं तेल. एका सेन्सरवर भागवतो म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. दुसरं म्हणजे परत येणारं डिझेल इंजिनातून तापून येतं आणि तापलं की फुगतं, 30 अंशांच्या फरकाला अडीच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे रिटर्न जास्त दिसतो आणि खर्च कमी, मालक उगाच खूष. तापमान धरून हिशोब करणारं मॉडेलच घ्या, थोडं महाग आहे पण तेच घ्या. विमानात ही भानगडच नको म्हणून इंधन किलोत मोजतात, पायलटच्या स्क्रीनवर एकेका इंजिनाचा आकडा किलो प्रति तास असा येतो.

हे मला भावोजींनी सांगितलं, ते दाबोळी विमानतळावर एअरलाईनच्या ग्राउंड स्टाफमध्ये आहेत. मीटर डब्यातून काढला तर गॅलनवर सेट केलेला होता, तेही अमेरिकन गॅलन, 3.785 लिटरवाला. भावोजी म्हणाले आधी लिटर कर, 1983 साली कॅनडात बोइंग 767 मध्ये किलो नि पाउंडचा घोळ होऊन हवेत असतानाच इंधन संपलं होतं, पायलटने इंजिन बंद असताना उतरवलं म्हणून माणसं वाचली. आपण बुडालो तरी पोहत येऊ म्हटलं, पण केलं लिटर.

आता आकडे. समुद्र शांत, तळ साफ, बर्फ भरलेला असताना आमच्या बोटीचं साधारण असं येतं: 6 नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) तासाला 8 लिटर, 7 नॉटला 13, आणि 8 नॉटला 21. परत वाचा. 6 वरून 8 वर गेलं तर वेग एक तृतीयांशाने वाढला आणि तेल अडीचपटीच्या वर. पाण्यात वेग वाढवला की लागणारी ताकद मोटामोटी वेगाच्या घनाने वाढते, आणि आमच्या लांबीच्या बोटीला 9 नॉटच्या आसपास तर बोटीने उठवलेली लाटच बोटीएवढी लांब होते, मग इंजिन कितीही बोंबलू दे, बोट स्वतःच्याच लाटेवर चढत बसते.

7 नॉट म्हणजे ताशी 13 किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला एक लिटर. भावोजींना हे सांगितलं तर माणूस हसायलाच लागला. एअरबसचं ए320निओ विमान तासाला साधारण 2400 किलो जाळतं, म्हणजे 3000 लिटर धरा, आणि तेवढ्या वेळात सव्वाआठशे किलोमीटर जातं. किलोमीटरला साडेतीन-पावणेचार लिटर. त्यात माणसं 180. डोईमागे काढलं तर 100 किलोमीटरला दोन लिटरच्या आसपास, आणि आमच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, धरून आठ जण, म्हणजे डोईमागे साडेबारा! जाळं पाण्यात असलं की तर विचारू नका, 3 नॉटने रखडत चाललोय आणि मीटर 15 दाखवतो, म्हणजे किलोमीटरला पावणेतीन लिटर. एअरबसशी बरोबरी व्हायला थोडंच कमी, आणि ते विमान आहे बाबा.

पण हे डोईमागचं गणित मला पटत नाही, ते भावोजींनाच लखलाभ. आमची बोट माणसं न्यायला नाही, बर्फ, जाळं, डिझेल धरून 30 टन वजन ढकलते. टनामागे किलोमीटरला 33 मिली आमचे आणि भरलेलं विमान 70 टन धरलं तर त्यांचे 50. म्हणजे जिंकलो आपण, पण काय जिंकलो, ते आमच्या साठपट वेगाने जातात आणि फरक एवढाच! पाणी हवेपेक्षा आठशेपट दाट, त्यात विमान 35 हजार फुटांवर जातं जिथे हवा अजून पातळ, खाली असते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. एक गोष्ट मात्र विमानाला जमत नाही, ते हळू जाऊ शकत नाही. ठराविक वेगाच्या खाली गेलं की तरंगत राहायलाच जास्त ताकद लागते आणि अजून कमी केलं तर खालीच येईल. बोट वेग कमी करेल तेवढी स्वस्त पडते आणि बुडत नाही. मीटरचे पैसे वसूल होतात ते ह्याच्यावर, बाकी कशावर नाही.

12 सागरी मैलांवरून परत यायचं असेल तर 8 नॉटने दीड तास नि 31 लिटर, 7 ने पावणेदोन तासांपेक्षा जरा कमी नि 22 लिटर. नऊ लिटर वाचले तेरा मिनिटांत. आमचे तांडेलकाका रत्नागिरीकडचे, पहिल्यांदा मीटरकडे बघायलाच तयार नव्हते, म्हणाले, "मला आवाजावरून कळतं इंजिन किती पितंय." कळतं हो, खरंच कळतं त्यांना, पण 7 नि 8 मधला फरक कानाला थोडासा आणि तेलाला दीडपट. आता स्वतःच डिस्प्लेवर बोट ठेवून पोरांना ओरडतात. लिलावाला पहिलं पोचायचं असेल तेव्हा मात्र कोणी मीटर बघत नाही, आणि बरोबरच आहे, इसवणाचा (सुरमईचा) भाव तेरा मिनिटांत पडतो.

बाबांना प्रति किलो मासळी हिशोब जास्त आवडला. 2000 साली जगभरच्या मासेमारी बोटींनी सुमारे 50 अब्ज लिटर इंधन जाळून 8 कोटी टन मासळी आणली असा अभ्यास आहे, म्हणजे किलोला 620 मिली. बांगडे-तारले घेरून पकडणाऱ्या पर्ससीनला ह्याच्या कितीतरी कमी लागतं आणि सुंगटांसाठी (कोळंबीसाठी) समुद्राचा तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरला कितीतरी जास्त. आम्ही दुसऱ्या गटातले, आमचा आकडा इथे लिहीत नाही, घरात वाद नको.

एक स्टार का कापला? फिटरने एअर सेपरेटर (तेलातली हवा वेगळी करणारा भाग) न लावताच लाईन जोडली, पाईपमध्ये बुडबुडे आले की मीटर 40 दाखवायचा, मग शून्य, मग परत 40. पुन्हा बोलावलं तर दोन आठवडे फोन उचलला नाही. शिवाय डिस्प्लेचं कनेक्टर खाऱ्या वाऱ्याने हिरवं पडायला लागलंय, ग्रीस भरून टेप गुंडाळलाय. दुपारच्या उन्हात आकडे दिसत नाहीत, हात आडवा धरावा लागतो.

पेट्रोल आउटबोर्डवाल्या होडीला साध्या कार्ब्युरेटरच्या मशीनवर रिटर्न नसतो, एकच सेन्सर पुरतो, बऱ्याच कमीत होईल. ट्रॉलरवाल्यांनी 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीतच बसवा, बोट वर ओढलेली असते, तळाचं शेवाळ-शिंपले खरवडून नि पंखा घासून घ्या आणि ऑगस्टमध्ये पहिल्याच दिवशी 6, 7, 8 नॉटचे आकडे केबिनमध्ये मार्करने लिहून ठेवा. आमच्याकडे डिसेंबरपर्यंत 7 नॉटचे 13 चे 15 झाले, तेव्हा कळलं की तळ परत घाण झालाय.