जुन्या विटांच्या घराला आतून हेम्पक्रीट: एका हिवाळ्यानंतरचा अनुभव

इंग्लंडमध्ये भाड्याने देण्यासाठी घर घ्यायचं म्हटलं की परवडणाऱ्या किमतीत पुढे येतं ते व्हिक्टोरियन काळातलं रांगेतलं घर. सव्वादोनशे मिलिमीटरची सलग विटांची भिंत, मध्ये पोकळी नाही, आणि हिवाळ्यात कपाटामागे हमखास काळी बुरशी. अशाच एका दुमजली घराच्या पुढच्या-मागच्या भिंतींना आतून १०० मिलिमीटर हेम्पक्रीट आणि माळ्यावर भांगेच्या तंतूंच्या गाद्या घातल्या. त्यानंतर एक पूर्ण हिवाळा आणि एक उन्हाळा भाडेकरू राहून झाला आहे. निकाल आधीच सांगतो: भिंतींबद्दल पूर्ण समाधान, माळ्याबद्दल नाही. आणि दोन वर्षांत पैसे वसूल करून घर विकायचं असेल तर या वाटेला जाऊच नका.

हेम्पक्रीट म्हणजे भांगेच्या देठाची साल काढल्यावर उरणाऱ्या लाकडी गाभ्याचे ५ ते २५ मिलिमीटरचे तुकडे, चुना आणि पाणी. या तुकड्यांना तिकडे शिव्ह म्हणतात. नावात काँक्रीट असलं तरी ताकद काँक्रीटची नाही; घराचं वजन विटांनी किंवा लाकडी चौकटीनेच पेलायचं, हे फक्त भरणीचं आणि ऊब धरण्याचं काम करतं. वाळल्यावर घनमीटरला सुमारे ३३० किलो भरतं. नशेबद्दल विचारणारे भेटतातच, पण ही औद्योगिक जात आहे आणि देठाच्या गाभ्यात नशा आणण्याजोगं काही नसतं. शिवाय हे कालचं खूळ नाही. फ्रान्समध्ये नोजाँ-सुर-सेन इथे १९८६ मध्ये एका जुन्या लाकडी चौकटीच्या घराची भरणी अशी केली होती. ब्रिटनमध्ये हेव्हरहिल इथे २००१ साली एकाच आराखड्याची विटांची आणि हेम्पक्रीटची घरं शेजारी शेजारी बांधून तुलना झाली. स्विंडनच्या ट्रँगल वसाहतीत २०११ मध्ये अशी ४२ घरं उभी राहिली.

आता आकडे. यू-व्हॅल्यू म्हणजे भिंतीतून ऊब किती निसटते त्याचं माप; आकडा जितका लहान तितकी भिंत चांगली. सलग विटांच्या भिंतीची यू-व्हॅल्यू २.१ धरतात. आतून १०० मिलिमीटर हेम्पक्रीट घातलं की ती ०.५ च्या आसपास येते. आतल्या इन्सुलेशनसाठी इंग्लंडच्या बांधकाम नियमांचं लक्ष्य ०.३० आहे आणि ते गाठायला २०० मिलिमीटर लागतील. मग २०० का नाही? एक तर खोली आक्रसते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: वरच्या मजल्याच्या तुळयांची टोकं त्याच विटांत रुतलेली असतात. आतून ऊब जितकी अडवाल तितकी ती वीट गार आणि ओली राहते आणि तुळईचं टोक कुजायचा धोका वाढतो. जुन्या, श्वास घेणाऱ्या भिंतींसाठी नियमांत सूट मागता येते. मात्र काम सुरू करण्याआधी बिल्डिंग कंट्रोलला, म्हणजे बांधकाम नियमांची तपासणी करणाऱ्यांना कळवून, हिशेब दाखवून ती मंजूर करून घ्यावी लागते. काम झाल्यावर घासाघीस करायला जागा राहत नाही.

सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात मोलाची पायरी म्हणजे पूर्वतयारी. बाहेरून कुणी सिमेंटचा गिलावा किंवा सिमेंटची दर्जभरणी केली असेल तर ती काढून चुन्यात पुन्हा भरा. पन्हळी गळत असतील तर आधी त्या. जोत्याशी मातीची पातळी वर आली असेल तर ती खाली घ्या. पावसाने भिजणाऱ्या भिंतीला आतून हेम्पक्रीट लावणं म्हणजे ओल्या कपड्यावर स्वेटर घालणं. आतला जिप्समचा गिलावा विटेपर्यंत खरवडून काढायचा, विटा झाडून ओलसर करायच्या आणि चुन्याच्या पातळ रबडीचा एक हात द्यायचा, म्हणजे वीट आणि हेम्पक्रीट यांत पोकळी राहत नाही. पोकळी राहिली की आतली दमट हवा तिथे जाऊन गार विटेवर पाणी धरते. नेमकं हेच टाळायचं असतं.

मालाचा हिशेब असा. साडेचार मीटर रुंद, पाच मीटर उंच दर्शनी भाग, तेवढाच मागचा. खिडक्या-दारं वजा जाता ३५ चौरस मीटर भिंत. १०० मिलिमीटर जाडीने साडेतीन घनमीटर. घनमीटरला सुमारे ११० किलो शिव्ह, २२० किलो चुन्याचं मिश्रण आणि ३०० ते ३५० लिटर पाणी. म्हणजे साधारण ३८५ किलो शिव्ह, ७७० किलो चुना, वर दहा टक्के नासधूस. शिव्ह हलकं पण फुगीर असतं. वीस किलोचं पोतं मोकळं केलं की जवळजवळ दोनशे लिटर जागा खातं. ते ठेवायला कोरडी खोली आधीच रिकामी करा. घेताना पोत्यात हात घालून पाहा. धूळ किंवा लांब तंतू जास्त असतील तर परत करा, कारण धूळ चुना आणि पाणी दोन्ही पिऊन टाकते.

चुना कोणता, यावर लोक फार वाद घालतात. आमचं मत स्पष्ट आहे: हेम्पक्रीटसाठीच तयार मिळणारं मिश्रण घ्या, ज्यात हवेने घट्ट होणारा चुना आणि थोडा पाण्याने घट्ट होणारा भाग असतो. पैसे वाचवायला नुसतं सिमेंट वापरलं तर शिव्ह पाणी शोषून घेतं, देठातली साखर सिमेंटचं घट्ट होणं रोखते, आणि वरून कडक दिसणारी भिंत आतून भुगा निघते. ते पुन्हा पाडण्याशिवाय इलाज नाही.

मिक्सर पॅनचा घ्या, म्हणजे पसरट भांड्यात पाती फिरणारा. नेहमीच्या फिरत्या ड्रममध्ये माल गोळे करून ड्रमलाच चिकटतो. अर्धं पोतं शिव्ह, म्हणजे १० किलो, २० किलो चुना आणि २८ ते ३० लिटर पाणी असा घाणा सोयीचा पडतो. आधी चुना आणि पाण्याची एकजीव रबडी, मग शिव्ह हळूहळू. प्रत्येक तुकड्यावर चुन्याचा पातळ लेप बसला की थांबा. मूठभर माल दाबून पाहायचा: गोळा टिकला पाहिजे, बोटाने ढकलला की फुटला पाहिजे आणि बोटांमधून पाणी गळता कामा नये. मजुरांचा हात नेहमी पाण्याकडे जातो, कारण ओला माल भरायला सोपा. तिथे कुणीतरी हट्टाने मापाचं भांडं धरून उभं राहायला हवं. चुना डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते, तेव्हा चष्मा आणि हातमोजे सक्तीचे.

विटांना लागून ५० बाय ७५ चे लाकडी उभे, त्यांच्यापुढे साधारण २५ मिलिमीटर आवरण, आणि आतल्या बाजूने तात्पुरती प्लायची शटरिंग. एका वेळी ६०० मिलिमीटर उंचीची फळी, त्यात १०० ते १५० मिलिमीटरचे थर. कडा आणि कोपरे हलक्या हाताने ठोकायचे, मधला भाग जवळजवळ तसाच सोडायचा. जोरात ठोकलं की घनता वाढते, माल जास्त लागतो, ऊब कमी धरली जाते आणि वाळायला वेळ लागतो. नवख्यांच्या हातून हमखास हीच चूक होते. शटरिंग दुसऱ्या दिवशी, बऱ्याचदा त्याच दिवशी निघते. तुळयांच्या मधल्या जागेतही, फरशीच्या पोटात, हेम्पक्रीट भरायला विसरू नका; नाहीतर दोन मजल्यांच्या मध्ये गार पट्टा राहतो आणि बुरशी तिथे सरकते. स्क्रू स्टेनलेसचे, विजेचे बॉक्स प्लास्टिकचे आणि नेहमीपेक्षा खोल. ओला चुना जस्त आणि ॲल्युमिनियम खातो.

हेम्पक्रीटमध्ये रावळप्लग धरत नाही. रेडिएटर, स्वयंपाकघरातली वरची कपाटं, टीव्ही, पडद्याचे दांडे यांच्या जागा आधी ठरवून उभ्यांच्या मध्ये आडव्या लाकडी पट्ट्या ठोकाव्या लागतात. माल भरण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावलेला फोटो काढा. हे फोटो पुढे दोनदा कामाला येतात, ते खाली सांगतो.

खरा खर्च वाळण्याच्या काळाचा आहे. वरच्या हिशेबाने हजार-अकराशे लिटर पाणी आपण घरात ओततो. विटांच्या बाजूने ते फारसं जात नाही, आतल्या बाजूनेच निघतं. खिडक्या उघड्या ठेवून चार ते आठ आठवडे धरा. पाच अंशांखाली थंडी असेल तर भरण्याचं कामच करू नका. घाईने मोठे हीटर लावले तर पृष्ठभाग सुकतो, चुना नीट घट्ट होत नाही आणि हात फिरवला की पांढरा भुगा येतो. ओलाव्यातच गिलावा केला तर शिव्हमधला रंग वर येऊन चहासारखे तपकिरी डाग पडतात, आणि रंगाचे कितीही हात दिले तरी ते डोकावत राहतात. वाळत असताना पृष्ठभागावर पांढुरकी लव आली तर घाबरू नका. हवा वाढवा, सुकली की ब्रशने झाडा. आणि एवढे दिवस घरभाडं येत नसतं, तेव्हा हा काळ सुरुवातीलाच गुंतवणुकीच्या हिशेबात धरा. कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात तो दिसत नाही.

वरचा गिलावा चुन्याचाच: १० ते १२ मिलिमीटरचा पहिला हात, ३ ते ५ चा शेवटचा. रंग चुन्याचा किंवा सिलिकेटचा. प्लास्टिक इमल्शन किंवा विनाईलचा वॉलपेपर लावला की भिंतीचा श्वास बंद आणि सगळी मेहनत वाया. भाडेकरारात रंगाबद्दल वेगळं कलम टाका आणि त्याच रंगाचा एक डबा घरात ठेवून द्या, म्हणजे कुणी आपल्या मनाने दुसरा आणणार नाही. आडव्या पट्ट्यांच्या फोटोंची छापील प्रत स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवा; भाडेकरूला टीव्ही टांगायचा असतोच.

वापरात फरक लगेच कळतो तो तापमापकावर नव्हे. भिंतीजवळ बसलं की पूर्वीसारखी गार झुळूक लागत नाही, त्यामुळे हीटिंग एक-दोन अंश कमी ठेवूनही कुणाची तक्रार येत नाही. कपडे घरात वाळत घातले तरी काचांवर पाणी कमी धरतं आणि कपाटामागची बुरशी परत आलेली नाही. उन्हाळ्यातल्या उकाड्यात दुपारी घर उशिरा तापतं. आवाज मात्र जसाच्या तसा आहे, कारण शेजाऱ्याच्या बाजूच्या भिंतीला आपण हातच लावलेला नाही. बाथरूममध्ये पंखा हवाच; भिंत दमट हवा काही तास सांभाळते, ती कायमची गायब करत नाही.

गुंतवणूक म्हणून बघाल तर दोन गोष्टी. पहिली जागेची: जुना गिलावा वजा करून प्रत्येक भिंत अकरा सेंटिमीटर आत आली. दोन्ही बाजू आणि दोन्ही मजले धरून सुमारे दोन चौरस मीटर जमीन गेली. दुसरी ईपीसीची, म्हणजे घर ऊर्जा किती जपून वापरतं त्याची श्रेणी देणाऱ्या प्रमाणपत्राची. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घराला किमान ई श्रेणी लागते. तपासनीसाला भिंतीत काय आहे ते दिसत नाही, आणि कागदोपत्री पुरावा नसेल तर तो ‘सलग वीट, इन्सुलेशन नाही’ असंच धरतो. इथे ते टेप लावलेले फोटो, बिलं आणि मालाचं तांत्रिक पत्रक पुन्हा कामी येतात. व्हॅटचंही पाहा: ३१ मार्च २०२७ पर्यंत कंत्राटदाराने माल आणून बसवलेल्या इन्सुलेशनवर शून्य टक्के, तोच माल स्वतः विकत आणला तर २० टक्के. गॅसच्या बिलातून हा खर्च लवकर निघत नाही. फायदा होतो तो बुरशीच्या तक्रारी, दर दोन वर्षांचं रंगकाम आणि मध्येच सोडून जाणारे भाडेकरू यांत. नव्याने लाकडी चौकट आणि हेम्पक्रीटचं आख्खं घर बांधणार असाल तर कर्ज देणाऱ्याला आधी विचारा, कारण काही जण ते ‘अपारंपरिक बांधकाम’ म्हणून बाजूला ठेवतात.

माळ्यावरच्या गाद्या चांगल्या आहेत, टोचत नाहीत, पण खनिज लोकरीपेक्षा महाग आणि जवळपास तेवढ्याच जाडीला तेवढीच ऊब. कापायला दातेरी लांब सुरी लागते. ड्रिल लावलं तर तंतू बिटाभोवती गुंडाळले जातात. पैसे मोजायचेच असतील तर भिंतींवर खर्च करा.

आपल्याकडे हे करता येईल का? वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांग मिसळलेली आढळल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा सामग्री परकी नाही. अडचण मालाची आहे. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम १४ खाली राज्य सरकारांना तंतू आणि बियांसाठी लागवडीची परवानगी देता येते. उत्तराखंडाने त्याची सुरुवात केली आणि पौडी गढवालमधल्या कंडवाल गावात २०२१ मध्ये हेम्पक्रीटचं घर उभंही राहिलं. तिथून शिव्ह महाराष्ट्रात आणायचं तर फुगीर मालाच्या वाहतुकीचाच खर्च मोठा. कोकणात भरणी दिवाळीनंतर करून एप्रिलपर्यंत गिलावा संपवावा लागेल, जोतं उंच आणि छपराचा सज्जा रुंद ठेवावा लागेल. फ्लॅट विकणाऱ्याला एक गणित अडवेल. आठ बाय आठ मीटरच्या घराला बाहेरून १५० ऐवजी ३०० मिलिमीटरची भिंत घातली तर आतले साडेचार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ४९ चौरस फूट जातात. बाहेरच्या भिंती एफएसआयमध्ये मोजल्या जातात, पण रेराच्या कार्पेट एरियात त्या धरता येत नाहीत. स्वतःच्या बंगल्याला किंवा होमस्टेला ही जागा सोडता येते. विक्रीच्या इमारतीत आजच्या दराने नाही.