ग्रीन स्टफ, सात महिन्यांनंतर: माझं भांडण त्या मधल्या रेघेशी आहे

नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, तिसऱ्या दिवशी माझ्या छोट्या ड्रॅगनच्या पुतळ्याच्या पंखाचा सांधा ग्रीन स्टफ या मळून वापरायच्या पुट्टीने बुजवायला बसलो आणि पुट्टीत खडे लागले. ज्वारीच्या कणीएवढे. बोटाने चिरडत नाहीत, कितीही मळलं तरी जिरत नाहीत, आणि पातळ थर ओढायला गेलं की प्रत्येक खडा मागे एक चर पाडत जातो. सात महिने मी छोटे पुतळे जोडून रंगवणाऱ्या आमच्या चौघांच्या गटात या पट्टीचं कौतुक करत आलो होतो, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

निळी-पिवळी पट्टी, मळली की हिरवी, हे सगळ्यांना माहीत आहे. मी ती नोव्हेंबरात ऑनलाइन मागवली. कुरिअर आमच्या गावापर्यंत येत नाही, पांढरकवड्याला जाऊन आणली. ५५० रुपये. तेव्हा आमच्या शेतात वेचणी किलोला १० रुपयांनी चालली होती. म्हणजे ५५ किलो कापूस वेचल्याची मजुरी मी वीतभर पट्टीवर घातली. त्यामुळे तिच्यातला चिमूटभर जरी वाया गेला तरी मला लागतं.

आणि वाया जातोच, तो त्या रेघेपायी. पिवळा भाग म्हणजे राळ, निळा म्हणजे तिला कडक करणारं द्रव्य. पट्टीत दोन्ही एकमेकांना चिकटूनच येतात. जिथे ते टेकतात तिथे कडक होण्याचं काम पाकीट बंद असतानाही हळूहळू चालू राहतं. तीच मधली रेघ. मळण्याआधी ब्लेडने ती कापून फेकली नाही तर तिचे तुकडे पुट्टीत मिसळतात आणि तेच हे खडे. मी सुरुवातीला केसाएवढीच रेघ कापायचो. मे महिन्यात दोन मिलिमीटर कापूनही खडे उरले.

विक्रेत्याला लिहिलं. आधी म्हणाले, पाकीट उघडलंय, परत घेणार नाही. मग फोटो मागितले, मग व्हिडिओ. अकरा दिवसांनी उत्तर आलं की उन्हाळ्यात असं होतंच. मलाही ते पटलं होतं. बाहेर ४५ अंश, त्यात दुपारभर वीज नाही, मग पट्टी ठेवलेला फ्रिज तरी काय थंड राहणार!

पण मत बदललं ते डिसेंबरात केलेल्या शिपायामुळे. त्याच्या मांडीवर एक उंचवटा होता, तो मी रंगाचा थेंब समजत होतो. परवा खरवडून पाहिला तर आत तसाच खडा निघाला. म्हणजे थंडीतही रेघ होती, उन्हाळ्याने ती फक्त रुंद केली. पट्टी माझ्याकडे आली तेव्हाच जुनी होती, यात मला आता शंका नाही.

उन्हाळ्याचा खरा त्रास वेगळा आहे. हिवाळ्यात मळल्यावर तासभर, कधी दीड तास आरामात हात फिरवता यायचा, पुरती कडक व्हायला रात्र जायची. मे महिन्यात अर्ध्या तासात ती ओढल्यावर फाटायला लागते. आता मी वाटाण्याएवढीच मळतो आणि पहाटे बसतो.

एवढं बोलून झाल्यावर हेही सांगतो की बारीक फटीसाठी हिच्यासारखं दुसरं मला मिळालेलं नाही. ड्रॅगन रेझिनचा थ्रीडी प्रिंट आहे. त्यावर प्लास्टिकचा सिमेंट (प्लास्टिक वितळवून जोडणारा पातळ गोंद) काही करत नाही, म्हणून पुट्टीला पर्याय नव्हता. मी पाटावर तिची शेवई वळत होतो आणि ती सारखी बोटांना चिकटत होती. आई शेजारी कणकेचे सरगुंडे वळत होती. बघून म्हणाली, "अरे, हाताले तेलपाणी लाव ना, मंग नाही चिकटत." तेल लावलं तर वर रंग धरणार नाही, म्हणून नुसतं पाणी घेतलं. शेवई सुतासारखी वळली गेली. ती फटीवर ठेवून बाभळीच्या काट्याने आत दाबली, काट्याच्या आडव्या अंगाने दोन्हीकडे पुसून घेतली आणि खवल्यांच्या रेघा काट्याच्या टोकाने पुढे ओढल्या. प्रायमर मारल्यावर पंख कुठे जोडला ते मलाच सापडेना. तेवढ्यापुरते ५५० रुपये वसूल झाले असं वाटलं.

ओली असतानाच गुळगुळीत करा. कडक झाल्यावरही ती थोडी रबरासारखी राहते. पॉलिश पेपर घासला तर पूड पडत नाही, लव निघते. बोटाचे ठसे राहिले असतील तर प्रायमरखाली स्पष्ट दिसतात.

जिथे फुकटात भागतं तिथे मात्र ही पट्टी काढू नका. साध्या प्लास्टिकच्या शिपायांना सिमेंट थोडा जास्त लावून भाग दाबले की वितळलेलं प्लास्टिक फटीतून वर येतं. दिवसभर सुकू द्यायचं आणि ब्लेडने खरवडायचं, पुट्टी लागतच नाही. भाग काढून घेतल्यावर उरलेल्या प्लास्टिकच्या फ्रेमचे बारीक तुकडे त्याच पातळ सिमेंटमध्ये काचेच्या बाटलीत विरघळवले की घट्ट खीर होते. ती काडीने भरता येते. फक्त सुकताना बसते, म्हणून दोनदा भरावी लागते. मोठी पोकळी किंवा बेसखालचा खड्डा असेल तर कृषी केंद्राशेजारच्या हार्डवेअरमधलं एम-सील पुरतं. फेविक्विकवर खायचा सोडा भुरभुरला तर फट क्षणात बुजते, पण तो दगड आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा कडक असतो. घासताना प्लास्टिकच आधी झिजतं. चेहऱ्याजवळ मी तो वापरत नाही.

पुढची खरेदी दोन रंग वेगवेगळे येणाऱ्या पॅकचीच करीन, शंभर रुपये जास्त पडले तरी. उरलेल्या पट्टीची मधली रेघ मी सरळ तीन मिलिमीटर कापून टाकली. निळं एका डबीत, पिवळं दुसऱ्या डबीत, दोन्ही फ्रिजमध्ये. ड्रॅगनची मान अजून बाकी आहे. पाऊस पडून हवा निवली की ती घेणार.