आयबीएससाठी हिप्नोथेरपी : काही महिन्यांनंतरचा अनुभव

मला आयबीएस आहे, म्हणजे पोटात कळा, पोटफुगी आणि शौचाच्या तक्रारी असा आतड्यांचा जुनाट त्रास. औषधं झाली, पथ्यं झाली, सीबीटी (त्रासदायक विचार तपासून बदलायला शिकवणारा मानसोपचार) झाली, तरी पोट काही जागेवर येईना. शेवटी हिप्नोथेरपी, म्हणजे संमोहन उपचार, घेतले. आता बरेच महिने झालेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक शंका मिटवतो. यात झोप लागत नाही की शुद्ध हरपत नाही. दार वाजलेलं ऐकू येतं, नाक खाजलं तर खुशाल खाजवता येतं. थेरपिस्ट बाई आधी श्वासाकडे लक्ष न्यायला सांगतात, मग पापण्या जड होताहेत म्हणतात, उलटे आकडे मोजतात आणि मुद्द्यावर येतात. तळहात पोटावर ठेवायचा, त्याची ऊब आत झिरपतेय असं अनुभवायचं, आतड्यांची हालचाल संथ नदीसारखी डोळ्यांसमोर आणायची. पहिल्यांदा मला हसूच येत होतं. हात मात्र खरंच गरम झाला!

सीबीटीत 'बाहेर पडलो आणि कळ आली तर?' हा विचार वहीत लिहून मी त्याची उलटतपासणी घ्यायचो. इथे विचाराशी वादच घालायचा नाही. लक्ष एकवटलं की सूचना थेट संवेदनेलाच केली जाते. समुपदेशनात मी बोलायचो, इथे बाई बोलतात.

हे थोतांड नाही. मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ साली जुनाट आयबीएसच्या ३० रुग्णांवर प्रयोग केला होता; संमोहन घेतलेल्यांना मानसोपचार आणि नकली गोळी मिळालेल्यांपेक्षा बराच जास्त आराम पडला. अर्थात संमोहनाची ग्रहणक्षमता प्रत्येकाची वेगळी असते, त्यामुळे सगळ्यांना सारखा गुण येत नाही.

माझं म्हणाल तर कळा आणि पोटफुगी निम्म्याहून कमी झाली. बद्धकोष्ठता जवळपास होती तशीच आहे. गुण आला तो घरी रोज रेकॉर्डिंग ऐकल्यामुळे, असं माझं मत. ते कंटाळवाणं आहे, तेच तेच ऐकून कान किटतात.

'दडलेल्या आठवणी' किंवा पूर्वजन्म उकरून देतो म्हणणाऱ्याकडे मात्र फिरकू नका. संमोहनात खोट्या आठवणीही खऱ्या वाटू शकतात. सायकोसिसचा (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचा) त्रास असेल तर मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय यात पडू नये. आणि शौचातून रक्त जात असेल किंवा वजन आपोआप घटत असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासण्या करून घ्या.