ऑटो स्विच, मोबाईल स्टार्टर की सेन्सर: केळीच्या वावरात काय घ्यावं

परवा मावसभावाचा फोन आला, म्हणे भाऊ ३ एकर केळी आहे, ५ एचपीची मोटर आहे, आता मोबाईल स्टार्टर घेऊ, का सरळ सेन्सरवालं ऑटोमेशनच करून टाकू, का आहे तो ऑटो स्विच राहू देऊ. पैशाचं तो बघून घेईल, पण पुढे त्याने जे विचारलं ते मला फार आवडलं, की यातलं आपल्या जमिनीला आणि पाण्याला कमी त्रासाचं कोणतं? तासभर बोललो आम्ही. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात हा प्रश्न घरोघरी आहे म्हणून तेच इथे मांडतोय.

आधी ऑटो स्विच. थ्री फेज आली की मोटर आपोआप चालू, बस. रात्री एक-दोनला लाईट येते, अंधारात वावरात जायचं म्हणजे साप, बिबट्या, त्यामुळे लोकांनी हे बसवलं त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. पण वावराला पाणी हवंय की नको हे त्या स्विचला कळत नाही ना. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी सकाळी गेलो तर शेवटच्या ओळीत एका लॅटरलची, म्हणजे ठिबकच्या नळीची, टोकाची कॅप निघालेली, रात्रभर पाणी तिथूनच वाहिलेलं, बांधापर्यंत घोट्याएवढा चिखल, आणि बाकी झाडांची पानं मलूल कारण प्रेशरच मिळालं नाही. आदल्या संध्याकाळी ठिबकमधून युरिया सोडला होता, तोही गेला. असा युरिया मुळाखाली झिरपतो आणि नायट्रेट होऊन शेवटी विहिरीच्या पाण्यात उतरतो, ते पाणी आपणच पितो. शिवाय एका डीपीवरचे (ट्रान्सफॉर्मरवरचे) सगळे स्विच लाईट येताच एकदम मोटरी उचलतात आणि डीपी जळते, महावितरण ऑटो स्विच काढा म्हणतं ते यासाठीच.

आता विजेचा हिशोब बघा. ५ एचपीची मोटर तासाला साधारण ४ युनिट खाते. आपल्या देशात एका युनिटमागे अंदाजे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे मोटर एक तास फुकट चालली तर जवळपास ३ किलो. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत शेतीपंपाचं बिल माफ आहे, ते चांगलंच झालं, पण दीपनगरच्या वीज केंद्रात कोळसा जळायचा तो जळतोच. साक्रीकडे पवनचक्क्या आणि सोलर आहे, तरी रात्री दोन वाजता सोलरचा काय उपयोग.

आणि स्टार्टर चालवणारा तुमचा मोबाईल? रोज चार्ज केला तरी वर्षभरात ७ ते ९ युनिट. म्हणजे मोटरीचे फक्त दोन तास! फोनचा खरा बोजा तो बनवतानाच पडलेला असतो, ॲपलसारखी कंपनी स्वतःच सांगते की एका आयफोनच्या पूर्ण आयुष्यात ५०-८० किलोच्या आसपास कार्बन आणि त्यातला बहुतेक कारखान्यातला.

मोटरीपुढे हे थोडंच, म्हणून कार्बनच्या हिशोबात मला मोबाईल स्टार्टर परवडणारा वाटतो. त्यात सिम असतं, कॉल किंवा ॲपवरून मोटर चालू-बंद, लाईट आली की मेसेज, विहिरीत पाणी संपलं की ड्राय रन कट, म्हणजे मोटर आपोआप बंद. स्टार्टरचा डबा बनवायला एका फोनइतका कार्बन लागला असं धरलं तरी २०-२५ तास मोटर कमी चालली की फिटलं, रोज अर्धा तास वाचवला तर पन्नास दिवसात. गाडीच्या फेऱ्या वाचतात ते वेगळंच. डेटा सेंटरचं, म्हणजे ॲपची माहिती जिथे साठते त्या मोठ्या कॉम्प्युटर केंद्रांचं, लोक विचारतात, २०२४ मध्ये जगातली सुमारे दीड टक्का वीज तिथे गेली हे खरं आहे, पण मोटरीच्या दोन मेसेजने त्यात काही पडत नाही.

पण हा हिशोब डबा टिकला तरच! माझा पहिला डबा वळवाच्या विजांमध्ये गेला, चौदा महिने झाले होते, कंपनीला फोन केला तर बोर्ड मिळत नाही, नवीन घ्या. फार राग आला मला, अहो एक रिले, म्हणजे आतला छोटा स्विच, जळाला तर अख्खा डबा भंगारात? जळगावच्या एका मेकॅनिकने तोच रिले बदलून दिला आणि तो अजून चालतोय. तर घेताना बोर्ड सुटा मिळतो का विचारा, अर्थिंग नीट करा, आणि फोरजीवालाच घ्या, टूजी बंद झालं की चांगला डबा कचरा होईल.

सेन्सरचं ऑटोमेशन, म्हणजे जमिनीतली ओल मोजून आपोआप पाणी देणारं, १०-१५ एकराला, वेगवेगळ्या प्लॉटला ठीक आहे, प्रत्येक व्हॉल्व्ह गरजेपुरता उघडतो, पाण्याची खरी बचत तिथेच. तीन एकराला मला ते जड वाटतं. काळ्या जमिनीला भेगा पडल्या की सेन्सर मातीपासून सुटतो आणि ओल असून कोरडं दाखवतो, वायरी उंदीर कुरतडतात, बॅटऱ्या बदलत बसा. त्यापेक्षा टेन्शिओमीटर लावा, सच्छिद्र टोकाची पाण्याने भरलेली नळी आणि वर घड्याळासारखी तबकडी, बॅटरी नाही काही नाही, जमीन किती कोरडी ते काट्यावर बघायचं आणि मग फोनवरून मोटर चालू करायची.

एक गोष्ट भावाला मी दोनदा सांगितली. वाचलेल्या पाण्यावर अजून एकरभर केळी लावली तर बोरचं पाणी तेवढंच खाली जाणार, मग स्टार्टर कोणताही घ्या.

आणि जुना बोर्ड, फोन, बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, तांब्यासाठी वायरी जाळतात, तो काळा धूर पोरांच्या नाकात जातो. २०२२ मध्ये जगात ६२० लाख टन ई-कचरा झाला, रीतसर गोळा होऊन रिसायकल झाला तो चौथ्या हिश्श्याहून कमी. जुने फोन रिसायकल करवून घ्यायची जबाबदारी नियमाने कंपनीवर आहे, दुकानदाराला विचाराच.

भाऊ सध्या काहीच घेत नाहीये. आधी पंधरा दिवस वहीत मोटर किती तास चालली आणि शेवटच्या ओळीत ओल किती होती ते लिहितो म्हणाला, मग बघू.