कीबोर्ड शॉर्टकट स्वतःच्या सोयीने बदलायचे असतील, तर कोड लिहिण्याचे कोणते साधन निवडावे?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत संगणकशास्त्र शिकणारा मराठी विद्यार्थी बहुधा एकाच वेळी दोन-तीन प्रोग्रामिंग साधने हाताळत असतो. १९९८ मध्ये बेळगावात स्थापन झालेल्या व्हीटीयूशी (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाशी) संलग्न एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जावासाठी ईक्लिप्स असते, स्वतःच्या लॅपटॉपवर व्हीएस कोड असते आणि पुढे पुण्यात किंवा बेंगळुरूत नोकरी लागली की इंटेलिजे आयडिया समोर येते. शिवाय त्याच लॅपटॉपवर इंग्रजी, मराठी आणि कन्नड अशा तीन भाषांच्या कीबोर्ड-मांडण्या बसवलेल्या असतात. किती शॉर्टकट बदलता येतात, हा या वापरकर्त्यापुढचा खरा प्रश्न नाही, कारण या सर्व साधनांत जवळजवळ सगळेच बदलता येतात. केलेले बदल कुठे साठवले जातात, दोन शॉर्टकट एकमेकांवर आदळले तर ते वेळीच कळते का, आणि भाषा बदलल्यावर त्या बदलांचे काय होते, या तीन गोष्टी पाहूनच निवड करावी.

शॉर्टकट बदलण्याची गरज का पडते, हे ‘कंट्रोल + डी’ या एका जोडीवरून स्पष्ट होते. विंडोजवर कोणताही बदल न करता ही जोडी दाबली, तर ईक्लिप्समध्ये चालू ओळ पुसली जाते, इंटेलिजेमध्ये तिची आणखी एक प्रत तयार होते आणि व्हीएस कोडमध्ये कर्सरखालचा शब्द निवडला जातो व पुन्हा दाबल्यास त्याच शब्दाची पुढची जागाही निवडीत येते. ओळ पुसायची असेल, तर व्हीएस कोडमध्ये ‘कंट्रोल + शिफ्ट + के’ आणि इंटेलिजेमध्ये ‘कंट्रोल + वाय’ दाबावे लागते. ही दुसरी जोडी व्हीएस कोडमध्ये मागे घेतलेला बदल पुन्हा लागू करते, त्यामुळे एका साधनाची सवय दुसऱ्यात थेट उलटते.

व्हीएस कोडमध्ये ‘कंट्रोल + के’ आणि त्यानंतर ‘कंट्रोल + एस’ दाबले की शॉर्टकटची यादी उघडते. तीत आज्ञेच्या नावाने शोधता येते, तसेच प्रत्यक्ष कळा दाबूनही शोधता येते. आपण केलेले बदल कीबाइंडिंग्ज.जेसन या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये जातात आणि प्रत्येक नोंदीत कळ, आज्ञा व ‘व्हेन’ ही अट असते. या अटीमुळे एकच जोडी संपादकात एक काम आणि टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) दुसरे काम करू शकते, ही या साधनाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. नियम खालून वर तपासले जातात आणि जो प्रथम जुळतो तो लागू होतो, म्हणून आपली नोंद मूळ नोंदीवर मात करते. मूळ शॉर्टकट पूर्णपणे काढायचा असेल, तर आज्ञेच्या नावाआधी वजाचिन्ह द्यावे लागते. उणीव अशी की नवी जोडी देताना ती आधीच वापरात असल्याची सूचना मिळाली, तरी पुढे काय करायचे हे साधन विचारत नाही. ती आवराआवर आपल्यालाच करावी लागते. गिटहब किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून हे बदल दुसऱ्या संगणकावर आपोआप जातात. मात्र विंडोज, लिनक्स आणि मॅक यांचे शॉर्टकट वेगवेगळे राखण्याचा पर्याय मुळातच चालू असतो. घरी विंडोज आणि बाहेर लिनक्स वापरणाऱ्याने तो बंद करावा की नाही, याचा विचार आधीच केलेला बरा.

इंटेलिजेची पद्धत अधिक शिस्तीची आहे. ‘कंट्रोल + ऑल्ट + एस’ दाबून सेटिंग्ज उघडल्यावर ‘कीमॅप’ या विभागात तयार संच दिसतात, आणि त्यांत ईक्लिप्स, व्हिज्युअल स्टुडिओ व ईमॅक्स यांच्या सवयींचे संचही असतात. मूळ संचाला हात लावता येत नाही. पहिला बदल करताच त्याची प्रत तयार होते आणि पुढचे बदल त्या प्रतीत साठतात, त्यामुळे सारे बिघडले तरी मूळ संचाकडे परतण्याचा मार्ग खुला राहतो. जोडी आधीच वापरात असेल, तर जुनी नेमणूक काढायची की ठेवायची, हे तिथल्या तिथे विचारले जाते. नवशिक्यासाठी ही एक सोय इतर चार सोयींपेक्षा मोलाची आहे, असे माझे मत आहे. नोकरीत जावा किंवा कोटलिन दिवसभर लिहायची असेल, अथवा अँड्रॉइड स्टुडिओ वापरायचे असेल, तर हीच व्यवस्था उपयोगी पडते, कारण अँड्रॉइड स्टुडिओ इंटेलिजेच्याच पायावर उभे आहे.

ईक्लिप्सबाबत फार लिहिण्यासारखे नाही. प्रेफरन्सेसमधील ‘जनरल’ आणि त्याखालील ‘कीज’ येथे बदल करता येतात, पण ते सहसा त्या वर्कस्पेसपुरतेच, म्हणजे प्रकल्प ठेवण्याच्या त्या फोल्डरपुरतेच राहतात. नवा वर्कस्पेस उघडला की सारे पुन्हा पहिल्यासारखे होते. प्रयोगशाळेत दर आठवड्याला वेगळा संगणक वाट्याला येत असेल, तर तिथे बदल करत बसण्यात अर्थ नाही.

या भागातील वापरकर्त्याला सर्वाधिक त्रास होतो तो भाषांमुळे, आणि इतर ठिकाणच्या मार्गदर्शनपर लेखांत हा मुद्दा क्वचितच येतो. विंडोजमध्ये एकाहून अधिक भाषा बसवल्या, की डावीकडील ‘ऑल्ट + शिफ्ट’ ही जोडी भाषा बदलण्यासाठी राखली जाते. व्हीएस कोडमध्ये ‘शिफ्ट + ऑल्ट + एफ’ने फाइलची मांडणी नीट होते, तर ईक्लिप्समध्ये ‘ऑल्ट + शिफ्ट + आर’ने नाव बदलता येते. पहिल्या दोन कळा दाबून विचार बदलला आणि बोटे उचलली, की इंग्रजीऐवजी मराठी किंवा कन्नड चालू होते आणि पुढच्या ओळीत चलाच्या नावाऐवजी ‘क्’ उमटते. तीन भाषा असल्या, तर परत इंग्रजीवर येण्यासाठी पुन्हा दोनदा फिरावे लागते. यावर साधनातील शॉर्टकट बदलण्याऐवजी विंडोजच्या प्रगत कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन ही जोडी रद्द करावी आणि भाषेसाठी केवळ ‘विंडोज + स्पेस’ ठेवावे. मॅकवर ‘कंट्रोल + स्पेस’ भाषा बदलते, आणि नेमकी तीच जोडी कोडच्या सूचना मागवण्यासाठी वापरली जाते. तिथेही प्रणालीच्या बाजूनेच बदल केलेला बरा.

दुसरा प्रश्न कळेवरील अक्षराचा आहे. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीत मराठी आणि कन्नड यांची रचना समान तत्त्वावर आहे, त्यामुळे तिरप्या रेषेच्या कळेवर एकीकडे ‘य’ आणि दुसरीकडे ‘ಯ’ येतो. (सरकारी कामासाठी नुडी हे कन्नड टंकलेखनाचे सॉफ्टवेअर शिकलेल्यांची मांडणी मात्र वेगळी असते.) टिप्पणी लावण्या-काढण्याचा ‘कंट्रोल + /’ हा शॉर्टकट अक्षरावर बेतलेला असेल, तर अशा वेळी तो हुकण्याची शक्यता असते. व्हीएस कोडमध्ये कळेचे नाव चौकटी कंसात, म्हणजे ‘कंट्रोल + [स्लॅश]’ अशा अर्थाने लिहिले, की तो शॉर्टकट अक्षराऐवजी कळेच्या जागेशी बांधला जातो आणि भाषा कोणतीही असो, चालतो. मराठी टिप्पण्या किंवा कन्नड मजकूर असलेली संकेतस्थळे लिहिणाऱ्यासाठी केवळ या सोयीमुळेही व्हीएस कोड सरस ठरते.

१९९१ पासून वापरात असलेल्या व्हिम या मजकूर-संपादकाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. बदलांची मुभा सर्वांत अधिक, फाइलही एकच, ‘व्हिमआरसी’ नावाची, जी कोणत्याही सर्व्हरवर नेता येते. पण आज्ञा अक्षरांनीच द्यायच्या असल्याने इन्स्क्रिप्ट चालू असताना ओळ पुसण्यासाठी ‘डीडी’ दाबले, तर व्हिमला दोन हलंत मिळतात आणि ओळ जागेवरच राहते. ‘लँगमॅप’ या पर्यायाने अक्षराला अक्षर जोडता येते. मात्र शिफ्टसह पाचच्या कळेवर येणारा ‘ज्ञ’ संगणकाच्या लेखी एक अक्षर नसून ज, हलंत आणि ञ अशी तीन चिन्हे असल्याने त्याच कळेवरची, जोडीदार कंस शोधणारी ‘%’ ही आज्ञा त्यात बसत नाही. त्यापेक्षा प्रणालीची भाषा इंग्रजीच ठेवून व्हिमचा स्वतःचा ‘कीमॅप’ पर्याय वापरावा, कारण तो फक्त मजकूर लिहिताना लागू होतो.

म्हणून संगणक वारंवार बदलणाऱ्या आणि तीन भाषांत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने व्हीएस कोड घ्यावे, आणि ज्याचे सारे काम जावात आहे त्याने इंटेलिजे घेऊन ईक्लिप्सचा तयार संच निवडावा. व्हिमची सवय ज्याला सोडवत नाही, त्याला इंटेलिजेतील आयडियाव्हिम हे प्लगइन पुरेल. त्याच्या ‘आयडियाव्हिमआरसी’ फाइलमध्ये जुनी ‘व्हिमआरसी’ एका ओळीत जोडता येते, पण त्यातले सारेच बदल तिथे चालतील असे गृहीत धरू नये.