ऱ्होड्स की कॉस: दोदेकानीजमध्ये मुक्काम कुठे ठेवावा?

दोदेकानीज हा तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगतचा ग्रीक द्वीपसमूह, नावाचा अर्थ ‘बारा बेटं’. वस्ती असलेली बेटं प्रत्यक्षात बारापेक्षा जास्त आहेत, आणि हाताशी असतात आठ-नऊ दिवस. त्यामुळे खरा प्रश्न काय काय बघायचं हा नसतो. बॅगा कुठे ठेवायच्या आणि रोज संध्याकाळी कुठे परतायचं, हा असतो. बहुतेकांसमोर शेवटी दोनच नावं उरतात, ऱ्होड्स आणि कॉस. समुद्र, हॉटेलं, विमानतळ या बाबतींत दोघांत डावं-उजवं करण्यासारखं फारसं काही नाही. ही तुलना इतिहासासाठी जाणाऱ्यांकरता आहे.

नुसत्या ऐवजाचा विचार केला तर ऱ्होड्स उजवं आहे, हे आधीच मान्य करतो. नाइट्स हॉस्पिटलर या लढवय्या ख्रिस्ती पंथाने 1309 ते 1522 इथे राज्य केलं. 1480चा तुर्की वेढा त्यांनी परतवला. 1522च्या वेढ्यात सुलतान सुलेमान स्वतः उतरला, सहा महिने झुंज चालली आणि 1 जानेवारी 1523ला नाइट्सनी बेट सोडलं. ही झुंज समजून घ्यायची तर राजवाड्याआधी जुन्या शहराच्या तटबंदीभोवतीच्या खंदकात उतरा. तिकीट नाही, गर्दी नाही. दोन्ही बाजूंना भिंती आणि पायाशी गवतात पडलेले दगडी तोफगोळे, काही कलिंगडाएवढे, काही त्याहून मोठे. वरचा ग्रँड मास्टरचा, म्हणजे पंथप्रमुखाचा, राजवाडा दिसतो देखणा, पण तो बराचसा नवा आहे. मूळ इमारत 1856च्या दारूगोळ्याच्या स्फोटात उद्ध्वस्त झाली, आणि आज दिसते ती इटालियन राजवटीत 1937 ते 1940मध्ये उभी केलेली. वेळ कमी असेल तर त्यापेक्षा नाइट्सच्या जुन्या रुग्णालयातल्या पुरातत्त्व संग्रहालयाला जास्त वेळ द्या.

जुन्या शहरात राहणार असाल तर एक काम आधी करा: आपलं घर कोणत्या दरवाज्याजवळ आहे ते मालकाला विचारून ठेवा. टॅक्सी दरवाज्यापाशी सोडते. पुढच्या गल्ल्यांत गुळगुळीत गोटे उभे रोवलेले असतात. त्यावर चाकांची बॅग ओढली की आधी चाक जातं, मग मनगट. पाठीवरची सॅक बरी.

आता ज्या एका गोष्टीने माझं पारडं फिरवलं, ती सांगतो. क्रूझची मोठी जहाजं तटबंदीला जवळजवळ लागूनच उभी राहतात. सकाळी दहाच्या सुमारास माणसांचे लोंढे दरवाज्यांतून आत येतात आणि दुपारी चार-पाचपर्यंत नाइट्सच्या रस्त्यावर क्षणभर थांबणंही अवघड होतं. ‘मग तेवढ्या वेळात लिंडोसला जाऊन येऊ’ असा विचार सगळेच करतात, तीच अडचण आहे. लिंडोस हे टेकडीवरच्या प्राचीन किल्ल्याचं गाव, सुमारे 50 किलोमीटरवर. गावातून किल्ल्याकडे जाणारी वाट अरुंद, सावली जवळपास नाही, आणि दगड लाखो पावलांनी इतके घासले गेलेत की चपलेचा चपटा तळ घसरतो. वर पोचताना मोठ्या जिन्याच्या पायथ्याशी कातळात कोरलेला जहाजाचा मागचा भाग आहे, इ.स.पू. दुसऱ्या शतकातला. सुकाणूची जागा आणि वक्र पिछाडी स्पष्ट ओळखू येते. या बेटाचं वैभव ज्या आरमारावर उभं होतं, त्याचं याहून बोलकं चित्र अख्ख्या ऱ्होड्समध्ये नसेल. पण ते नेमकं वाटेच्या अरुंद तोंडाशी आहे. मागची रांग ढकलते, समोरून उतरणारे येतात, आणि ते कोरीवकाम माणसाच्या वाट्याला अर्धा मिनिट येतं. उपाय एकच: दार उघडायच्या वेळी तिथे हजर राहणं. त्यासाठी लिंडोसमध्येच रात्र काढावी लागते किंवा गाडी भाड्याने घेऊन पहाटे निघावं लागतं. एखाद्या दिवशी हे जमतं. रोजचा दिवस गर्दीच्या घड्याळाला बांधून घेणं मात्र मला जड वाटतं. तुम्ही एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरच्या अखेरीस जात असाल तर कदाचित हा मुद्दा तितका टोचणार नाही.

कॉसला इतिहास जमिनीलगत आहे. पायऱ्या, जोती, मोजके उभे केलेले खांब. डोळे दिपवणारं फार नाही, पण गावाच्या मधोमध आहे. 1933च्या भूकंपात जुनी वस्ती कोसळली आणि तिच्याखालचा प्राचीन बाजार उघडा पडला. इटालियन पुरातत्त्वज्ञांनी तो खणून काढला, म्हणून आज भाजी आणायला जातानाही अवशेष वाटेत लागतात. गाव सपाट असल्याने सायकल पुरते. गावापासून सुमारे 4 किलोमीटरवर अस्क्लेपिऑन, म्हणजे वैद्यकदेवतेचं ठाणं. शेवटचा टप्पा चढाचा आहे, तेव्हा सकाळी आठला निघा आणि परतताना प्लाटानी या तुर्की वस्तीच्या गावात जेवा. तीन टप्प्यांवर रचलेली ही जागा तळापासून वर बघत गेलात तरच कळते. खालच्या टप्प्यावर रुग्णांच्या खोल्या, मधल्यावर वेदी आणि जुनं मंदिर, सगळ्यात वर इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं मोठं मंदिर. पाठ वळवली की समोर तुर्कस्तानचा किनारा.

वैद्यकाचा जनक मानला जाणारा प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिस याच्याबद्दल मात्र सावध राहा. त्याचा जन्म इ.स.पू. 460च्या सुमारास कॉसवरच झाला, पण आजचं कॉस गाव वसलं इ.स.पू. 366मध्ये, बहुधा त्याच्या मृत्यूनंतर. त्याच्या काळची राजधानी बेटाच्या दुसऱ्या टोकाला, केफालोसजवळ होती. ज्याच्याखाली तो शिकवत असे असं सांगतात, ते लोखंडी आधारांवर तोललेलं झाड पाचएकशे वर्षांचं आहे. बंदरावरचा किल्लाही जाण्याआधी चौकशी करूनच ठरवा. जुलै 2017च्या भूकंपात त्याची पडझड झाली होती आणि तो बराच काळ बंद होता.

कॉसची खरी ताकद नकाशात आहे. कॉसच्या कार्दामेना बंदराहून निसिरॉस बेट तासाभरात, मास्तिखारी बंदराहून कॅलिम्नोस बेट त्याहून जवळ, आणि दोन्हीकडून संध्याकाळी घरी. निसिरॉसला सहल-बस उतरल्या उतरल्या ज्वालामुखीच्या स्टेफानोस विवराकडे नेते. विवर सुमारे 30 मीटर खोल, तळाची जमीन गरम, गंधकाचा उग्र वास. इथे जाड तळाचे बूट हवेत. पण तिथून परतल्यावर मांद्राकी गावाच्या वर पालेओकास्त्रो या जुन्या किल्ल्याला अवश्य चढा. काळ्या ज्वालामुखी दगडाची, चुन्याशिवाय सांधलेली इ.स.पू. चौथ्या शतकातली भिंत. सह्याद्रीतले किल्ले पाहिलेला माणूस तिच्या सांध्यांवरून हात फिरवत रेंगाळेल. शाकाहारी असाल तर ‘पितारूदिया’ विचारा, काबुली चण्यांची भजीच ती. ऱ्होड्सलाही मिळतात. ऱ्होड्सहून अशी सहज जोडी सिमी बेटाची आहे, साधारण तासाभराची. सिमी सुंदर आहे, पण रोज सिमी करता येत नाही.

उत्तरेचं पाटमॉस बेट दोन्हीकडून एका दिवसात करू नका. 1088मध्ये स्थापन झालेला सेंट जॉनचा मठ बरेच दिवस दुपारी दीडच्या सुमारास बंद होतो, आणि दक्षिणेकडून येणारी वेगवान बोट साधारण तेव्हाच धक्क्याला लागते. तिथे एक रात्र काढावीच लागते. कॉसहून ते अंतर सुसह्य आहे, ऱ्होड्सहून जवळजवळ दुप्पट.

जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा मेल्तेमी वारा सुटतो. तो वाढला की छोट्या बोटी आधी थांबतात, मग कॅटामरान म्हणजे वेगवान जोडबोटी, आणि शेवटी मोठी फेरीजहाजं. म्हणून विमान ज्या बेटावरून असेल, आदली रात्र तिथेच काढा.

कॉसहून तुर्कस्तानातलं बोद्रुम, म्हणजे जुनं हालिकार्नासस, अगदी समोर आहे आणि मोह होतोच. शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर तो मोह आवरा. एकदा बाहेर पडलात की परत कॉसवर पाय ठेवता येत नाही, आणि बॅगा तिथेच असतात. अर्ज करतानाच एकाहून जास्त प्रवेश मागा. तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा लागतो.

माझा मुक्काम कॉसलाच. पण नाइट्ससाठी जीव तुटत असेल तर पहिल्या दोन रात्री ऱ्होड्सला द्या, मग अडीच-तीन तासांच्या बोटीने कॉसला या. क्रम हाच ठेवा. ग्रँड मास्टरच्या राजवाड्यात ग्रीक पुराणातल्या सर्पकेशी मेडूसाचं आणि नऊ कलादेवतांचं मोझेक पायाखाली दिसेल. इटालियनांनी ती दोन्ही कॉसहून उचलून तिथे बसवली आहेत, आणि नंतर कॉसच्या उत्खननात फिरताना ती कोणत्या मातीतून गेली हे समोर दिसतं.